भरतीरेषा जमिनीवर दिसली पाहिजे

केरळमधील कोचीलगतच्या मरडू येथे ११ आणि १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत चार उत्तुंग निवासी संकुले स्फोटकांनी जमीनदोस्त करण्यात आली. किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध डावलून ती खाडीकाठी उभी राहिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ८ मे २०१९ रोजी ती पाडण्याचा आदेश दिला आणि त्यानंतर कोणतीही सबब ऐकून घेतली नाही. तीनशेहून अधिक सदनिका काही क्षणांत धुळीला मिळाल्या. सदनिकाधारकांना २५ लाख रुपयांपर्यंतची अंतरिम भरपाई प्रथम राज्याच्या तिजोरीतून द्यावी लागली.

या बांधकामांना २००६ साली तेथील पंचायतीने परवाने दिले होते. आक्षेपही लवकर निघाले. परंतु वाद न्यायालयांत रेंगाळत राहिला, इमारती वाढत राहिल्या आणि घरे विकली गेली. अखेर शिक्षा झाली ती मुख्यतः आयुष्याची पुंजी त्या भिंतींत ओतणाऱ्या कुटुंबांना. किनाऱ्यालगतच्या बांधकामावरील निर्बंध म्हणजे पक्षिप्रेमींचा हट्ट, अशी समजूत असणाऱ्या प्रत्येक घराने मरडूची ही हकिकत नीट वाचावी. निर्बंध ढिले असतात किंवा संदिग्ध असतात, तेव्हा त्यांची किंमत बहुधा बांधणारा मोजत नाही. ती राहणारा मोजतो.

सैल होत गेलेली गाठ

समुद्राच्या भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा मोकळा ठेवावा, असे तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी १९८१ साली किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना कळविले होते. पुढे १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना निघाली. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम नको, हा तिचा गाभा होता. त्यानंतरच्या वीस वर्षांत तिच्यात सुमारे पंचवीस दुरुस्त्या झाल्या. २०११ साली नवी अधिसूचना आली आणि १८ जानेवारी २०१९ रोजी तिसरी. या तिसऱ्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात २०० मीटरचे अंतर ५० मीटरवर आणले.

पाणथळ जागांची कथा याहून वेगळी नाही. २.२५ हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांची नोंद उपग्रहचित्रांच्या आधारे झालेली होती आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्वांना संरक्षण लागू केले. त्याच वर्षी आलेल्या नव्या नियमांनी जागा निश्चित करण्याचे काम प्रामुख्याने राज्यांवर सोपविले आणि मिठागरे, सिंचनाचे तलाव यांसारख्या मानवनिर्मित जलस्थानांना व्याख्येतून वगळले. डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयाला पुन्हा एकदा राज्यांना बजावावे लागले की, या जागांची प्रत्यक्ष पाहणी करा आणि सीमा आखा. नोंद होऊन इतकी वर्षे लोटल्यावरही सीमा आखल्या जात नसतील, तर त्यामागे केवळ दिरंगाई आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. सीमा आखलेली नसणे हे कोणाच्या तरी सोयीचे असते.

पाणी हिशेब विसरत नाही

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. इतका पाऊस कोणत्याही शहराची दाणादाण उडवील, हे खरे. परंतु त्या दिवशी समुद्राला भरती होती आणि मिठी नदीचे पात्र वर्षानुवर्षांच्या भरावाने आक्रसलेले होते. पावसाचे पाणी समुद्रात जाऊ शकत नाही त्या घटकांत त्याने थांबावयाचे कोठे, याचे उत्तर निसर्गाने फार पूर्वी देऊन ठेवले होते. खाडीकाठची खाजणे, कांदळवने आणि सखल पाणथळ जमिनी हीच ती थांबण्याची ठिकाणे. तिवरांची मुळे उधाणाचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात आणि मासळीच्या पिलांना आसरा देतात. हे काम कोणत्याही महापालिकेच्या अर्थसंकल्पात दिसत नाही. म्हणून ते फुकट आहे असा समज होतो. त्याचे देयक आले ते त्या दिवशी, आणि ते शेकडो प्राणांनी चुकते झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातील कांदळवने तोडण्यास व त्यांच्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकामास मनाई केली. २०१८ च्या अंतिम निकालात तर कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविण्यात आला. २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन करण्याचे श्रेय महाराष्ट्र शासनाला दिलेच पाहिजे. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालात राज्यातील कांदळवनांचे क्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर नोंदले गेले आहे.

तथापि, जमीन गिळणारेही हुशार झाले आहेत. आता तिवरांवर कुऱ्हाड चालविण्याची गरज उरलेली नाही. भरतीचे पाणी आत येते त्या तोंडाशी रात्रीतून राडारोड्याचे चार ट्रक रिकामे केले की काम भागते. पाणी तुटते, झाडे उभी वाळतात आणि दोन-तीन वर्षांनी तीच जागा ‘पडीक’ म्हणून प्रस्तावात येते. म्हणून झाडाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, रक्षण पाण्याच्या वाटेचे करावे लागेल.

अभयारण्याची कुंपणे पक्ष्यांना ठाऊक नसतात

ठाणे खाडीतील रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली घोषित झाले आणि २०२२ साली ही खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. अभिमानास्पद अशी ही गोष्ट आहे. परंतु भरती आली की खाडीतील चिखलपट्टे पाण्याखाली जातात आणि हे पक्षी नेरुळचे तलाव, उरणकडील पाणजे अशा जागांवर विसाव्याला जातात. या जागा अभयारण्याबाहेर आहेत. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरुळच्या एका तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट अडली, तलाव आटला आणि तेथे काही रोहित मृत्युमुखी पडले. देवघर जपायचे आणि घराच्या भिंती पाडायच्या, असा हा प्रकार आहे.

यात माणसाच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. पक्ष्यांच्या नेहमीच्या विसाव्याच्या जागा बुजविल्या, तर ते नाहीसे होणार नाहीत. दुसरे सपाट, ओले मैदान शोधतील. ते मैदान धावपट्टीजवळचे नसेल, याची हमी कोण देणार?

कोळीवाड्याची तक्रार खोटी नाही

निर्बंधांच्या बाजूने बोलणाऱ्यांनी एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. पिढ्यान् पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळी बांधवाला घराचे छप्पर बदलायचे, मुलाच्या लग्नानंतर एक खोली वाढवायची, तर या नियमांखाली खेटे घालावे लागतात. शेजारीच मोठा प्रकल्प ‘सार्वजनिक हिताच्या’ शिक्क्याने मंजूर होताना त्याला दिसतो. मुंबईतील कोळीवाडे नकाशावर आखावेत, असे २०११ च्या अधिसूचनेतच म्हटले होते. पण सीमांकनाचे वाद पुढे वर्षानुवर्षे चालले. जो कायदा झोपडीला अडवतो आणि मनोऱ्याला वाट देतो, त्याच्याविषयी समाजात आदर निर्माण होत नाही. बंदरे, रस्ते, घरे देशाला हवीतच. विकासाला विरोध हा कोणाही सुज्ञाचा आग्रह असू शकत नाही. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे आणि नियम सर्वांना सारखा लागण्याचा आहे.

कायद्याच्या मागे समाज उभा राहिला म्हणजे काय घडते, हे रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने दाखविले आहे. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली तेथे समुद्री कासवांच्या घरट्यांच्या रक्षणाचे काम सुरू केले. पूर्वी अंडी उकरून नेली जात. आता गावकरीच त्यांची राखण करतात. कासवाची पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पर्यटक येतात, गावातील घरांतून उतरतात, तेथेच जेवतात. वाळूचा किनारा मोकळा राहिला, म्हणून कासव आले. कासव आले, म्हणून गावात चार पैसे आले. देवराया राखणाऱ्या कोकणला हा विचार नवा नाही.

यावरून पुढची दिशा स्पष्ट होते. भरतीरेषा व पाणथळ जागांच्या सीमा गावनिहाय नकाशांवर, भूमापन क्रमांकासह मराठीत प्रसिद्ध व्हाव्यात आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागाव्यात. जागेवर दगडी खुणा रोवल्या जाव्यात. ज्या जमिनीवर असे निर्बंध आहेत, तशी नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी, म्हणजे घर घेणाऱ्याला मरडू भोगावे लागणार नाही. मूळ रहिवाशांच्या घरदुरुस्तीचे अर्ज ठरावीक मुदतीत निकाली निघावेत. आणि परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची जबाबदारी त्याच्या बदलीबरोबर संपू नये.

यातील एकाही गोष्टीसाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागू नये. लागेल तो निग्रह. आणि तो शासनात यावयाचा तर आधी समाजात असावा लागतो. सदनिकेची नोंदणी करताना फरशीचा रंग विचारणारे कुटुंब, ही जमीन पूर्वी कशाची होती, हेही विचारू लागेल, तेव्हा बांधणाऱ्यालाही उत्तर तयार ठेवावे लागेल.