कंटूरिंग : सावली द्या, रंग बदलू नका

लग्नसराई जवळ आली की भगिनींचा एक प्रश्न हमखास येतो. नाक बारीक आणि गाल जरा आत दिसतील असा मेकअप घरी जमेल का? यालाच कंटूरिंग म्हणतात. प्रकार नवा नाही. प्रखर दिव्यांखाली चेहरा सपाट दिसतो, म्हणून नाटक-सिनेमातले रंगभूषाकार गडद-फिकट छटा फार पूर्वीपासून वापरत आले. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या किम कार्दशियनचा, तोंडावर तपकिरी आणि पांढरे पट्टे ओढलेला फोटो जगभर फिरला आणि ही युक्ती घरोघरच्या आरशापर्यंत आली.

तत्त्व सोपे आहे. गडद केलेली जागा आत गेल्यासारखी दिसते, उजळ केलेली पुढे आल्यासारखी. बस्स, इतकेच. पण आपल्याकडे घोटाळा होतो तो त्याच्याही आधी, फाउंडेशन निवडताना. दुल्हन सावळी असेल तर तिला न विचारताच दोन-तीन छटा उजळ फाउंडेशन थापले जाते. मग चेहरा एका रंगाचा, मान दुसऱ्या आणि मेंदी लावलेले हात तिसऱ्या. अशा पांढुरक्या थरावर कंटूर लावला की तो सावलीसारखा न दिसता डागासारखा दिसतो. पार्लरवालीला आधीच स्पष्ट सांगा, फाउंडेशन जबड्यावर लावून उजेडात बघायचे आणि मानेशी मिळाले तरच पुढे जायचे. हे सांगायला मुलगी लाजते, तेव्हा आईने किंवा खालाने सांगावे.

कंटूरची छटा आपल्या रंगापेक्षा एक-दोन पायऱ्या गडद, चमक नसलेली. नारिंगी झाक असलेले ब्राँझर यासाठी नको, सावली कधी नारिंगी नसते. सावळ्या रंगावर कॉफीसारखी गडद तपकिरी छटा छान बसते, राखाडी छटेने मात्र चेहरा आजारी वाटतो. घरात चमक नसलेली तपकिरी आयशॅडो असेल तर वेगळे काही विकत आणू नका.

कानाच्या वरच्या टोकापासून ओठांच्या कोपऱ्याच्या दिशेने ब्रश फिरवा आणि डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याखाली थांबा. त्यापुढे गेलात तर गाल खप्पड दिसतील. आता ती रेघ वरच्या दिशेने पुसत न्या, रेघ कुठे सुरू झाली हे कळेनासे होईपर्यंत. नाकाच्या दोन्ही बाजूंना अगदी हलका हात. खरे तर नाकाला हात लावूच नये असे माझे मत आहे. फोटोत ठीक दिसते, समोर बसलेल्याला मात्र दोन रेघा दिसतात.

हिजाब बांधणाऱ्यांचे काम निम्मे होते. कपाळाची कड आणि जबडा कापडाखाली जातो, तिथे कंटूर लावून फक्त स्कार्फ मळतो. गालांपुरते करा.

हायलाइटर गालाच्या उंच हाडावर आणि वरच्या ओठाच्या मधोमध, चिमूटभर. सावळ्या रंगाला सोनेरी किंवा तांबूस झाक खुलते, चंदेरी नाही. मुरुमांवर, खड्ड्यांवर लावू नका, चमकेने तेच आधी दिसतात. कोकण-मुंबईच्या दमट हवेत तर जास्तीचे हायलाइटर घामासारखेच दिसते.

एक गोष्ट स्पष्टच सांगते. रिश्त्यासाठी पाहुणे येणार असतील त्या दिवशी कंटूरिंग नको. नीटनेटके राहावे, सुरमा लावावा. पण नाक-गालाचा आकारच वेगळा भासवणे ही फसवणूक आहे आणि आपल्या दीनमध्ये फसवणुकीला जागा नाही. मात्र मुलींना या थराला कोण आणते? ‘मुलगी गोरी हवी’ असा निरोप धाडणाऱ्या घरांनी मुलींच्या मेकअपला नावे ठेवू नयेत.

आता नमाजचे. वुजूत पाणी त्वचेपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि वॉटरप्रूफ क्रीमचा थर ते पोहोचू देत नाही. शंका असेल तर हाताच्या पाठीवर थोडे लावून वाळू द्या, वर पाणी टाका. थेंब मोत्यासारखे घरंगळले तर वुजूपूर्वी ते काढावेच लागेल. मेकअपने वुजू तुटत नाही, म्हणून निकाहच्या दिवशी आधी वुजू आणि मग मेकअप हा क्रम ठेवा. पार्लरची वेळ ठरवतानाच नमाजच्या वेळा बघा. वुजू राहिला तर त्यावरच पुढची नमाज होते. तुटला तर मात्र तोंड धुवायचेच, मग मेकअप कितीही महागाचा असो. नमाज कझा करण्यापेक्षा दुसऱ्यांदा हलका मेकअप केलेला बरा. बॅगेत कापूस, खोबरेल तेलाची छोटी बाटली, फेसवॉश आणि टॉवेल ठेवा. तेल दोन मिनिटे हलक्या हाताने चोळा, कापसाने पुसा, मग फेसवॉश. नाकपुड्यांच्या कडा, भुवया आणि केसांची रेषा या तीन जागी थर हटकून राहतो, तिथे पुन्हा एकदा कापूस फिरवा.