सूटपीस नको, पक्कड द्या

आमच्या मालेगावात मुलगा आय.टी.आय. पास झाला, कारखान्यात कामाला लागला किंवा त्याने स्वतःचे छोटे दुकान टाकले, की नातेवाईक काय देतात? सूटपीस देतात, घड्याळ देतात, फार तर पाकिटात पाचशे रुपये घालून देतात. मी स्वतः कापडाचा व्यापारी. वर्षानुवर्षे सूटपीसच देत आलो, कारण तो दुकानात हाताशी असतो आणि घाऊक भावात पडतो. त्याच कापडवाल्याने आज लिहावे की कापड देऊ नका, हे वाचकांना चमत्कारिक वाटेल. पण ठोकर खाऊन जे शिकलो ते बांधवांना सांगणे मला जरुरीचे वाटते.

माझा एक भाचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियनचा कोर्स करून पास झाला. मनात आले, या वेळी कामाची वस्तू देऊ. बाजारात गेलो. एका दुकानात प्लास्टिकची सुंदर पेटी दिसली. आत चाळीसच्या वर नग, प्रत्येकाला वेगळा खाचा, सगळे चांदीसारखे चमकणारे. भाव हजाराच्या आत. हिशेब केला, एक नग पंचवीस रुपयांनाही पडत नाही. खूश होऊन पेटी उचलली. ज्या माणसाचे सारे आयुष्य सूत आणि विणीची पारख करण्यात गेले, त्याने लोखंड मात्र चकाकी पाहून घेतले!

भाचा ती पेटी घेऊन कामावर गेला. लूमच्या मोटारीचा स्टार्टर उघडताना घट्ट बसलेल्या स्क्रूवर पेचकसाचे टोकच पिळले गेले. पान्याचा जबडा फाकला आणि नटाचे कोपरे गोल झाले. आता तो नट छिन्नीने तोडल्याशिवाय निघेना. कारखानदार ओरडला, लूम बंद पडून राहिले. हेही एक वेळ सोसले असते. पण पक्कडीच्या मुठीवर लाल प्लास्टिक पाहून पोराने समजून घेतले की आता करंट लागणार नाही. झटका बसला. अल्लाहची मेहरबानी, हात तेवढ्यावर वाचला. उस्तादांनी पेटी बंद करून त्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "बेटा, ही घरी शोकेसमध्ये ठेव." मग स्वतःची जुनी पक्कड त्याला वापरायला दिली.

मी विचारले तेव्हा भाचा मान खाली घालून एवढेच म्हणाला, "मामू, तुमची पेटी चांगली आहे, पण कामाची नाही." त्या दिवशी मला समजले की वाईट अवजार देणे हे काहीच न देण्यापेक्षा वाईट. नवशिक्या कारागिराची सारी पत पहिल्या सहा महिन्यांत ठरते. अवजार हलके निघाले तर लोक अवजाराला दोष देत नाहीत, पोराच्या हुनरला देतात.

तेव्हा पहिली गोष्ट ही की पेटी घेऊ नका, नग घ्या. चाळीस हलक्या नगांपेक्षा सात खरे नग पुष्कळ. घरगुती वायरिंग व मोटारीचे काम करणाऱ्या मुलाला सुरुवातीला काय लागते? एक आठ इंची पक्कड, एक टोकदार पक्कड, एक वायर सोलण्याचा स्ट्रीपर, चपट्या व चौफुली टोकाचे दोन पेचकस, एक टेस्टर आणि एक लहान हातोडी. नावाजलेल्या देशी कंपनीचा माल घेतला तरी मी दुसऱ्यांदा केलेली ही खरेदी दोन हजारांच्या आत बसली. चांगल्या सूटपीसला शिलाई धरली तर त्याहून कमी लागत नाही. पेटीऐवजी जाड कॅनव्हासची पिशवी शिवून दिली, ती तर आपल्या घरचीच.

दुसरी गोष्ट, घेण्याआधी मुलाच्या उस्तादांना विचारा. प्रत्येक धंद्याचे अवजार वेगळे. आपल्या गावातले साधे लूम जुन्या विलायती लँकेशायर पद्धतीचे, त्यांचे नट-बोल्ट इंची मापाचे. बाजारात पान्याचा जो सेट सहज मिळतो तो मिलिमीटरचा असतो. इंची नटावर तो जवळपास बसतो, आणि जवळपास बसणारा पानाच घसरून बोटे फोडतो. उलट मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या मुलाला मिलिमीटरचाच पाना पाहिजे. दर्जीकाम शिकलेल्या मुलीला यातले काहीच नको. तिला एक चांगली कात्री द्या. मेरठची कात्री त्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या नावाजलेली आहे. बोथट झाली की पुन्हा धार लावून घेता येते आणि वर्षानुवर्षे चालते.

तिसरी गोष्ट पारख. कापड आपण उजेडासमोर धरून पाहतो, पक्कडही तशीच पाहावी. मिटून उजेडासमोर धरा. जबड्याची टोके एकमेकांना नीट भिडली पाहिजेत. कापण्याच्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. सांध्यात खडखड नको, पण उघडझाप मोकळी हवी. कंपनीचे नाव लोखंडावर ठोकलेले आहे की नुसता कागद चिकटवला आहे ते पाहा. पाना घेताना खिशात त्या मापाचा एक नट ठेवा आणि दुकानातच बसवून पाहा. 'क्रोम व्हॅनेडियम' हे पान्यासाठी चांगले पोलाद खरे, पण ती अक्षरे कुणीही उमटवू शकतो. म्हणून ओळखीच्या दुकानातून, पक्के बिल घेऊन खरेदी करा, म्हणजे माल परत करायला तोंड राहते.

विजेच्या पक्कडीबाबत खास सांगतो. मुठीवरचे साधे प्लास्टिक हे पकड चांगली बसावी म्हणून असते. चालू विजेजवळच्या कामासाठी बनवलेल्या अवजारावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असे छापलेले असते. ते महाग पडते, पण हा खर्च टाळू नये. आणि ते दिल्यावरही मुलाला बजावून सांगा की आधी मेन बंद कर, आणि टेस्टर चालू असलेल्या जागी एकदा तपासून मगच त्याच्यावर विश्वास ठेव.

चांगला माल दूर शोधायला नको. टपारियाचा कारखाना आपल्याच जिल्ह्यात, नाशिकच्या सातपूरला आहे. कानस बनवणारी जे. के. फाईल्स ही कापडवाल्या रेमंड घराण्यातून निघालेली, तिचे काम रत्नागिरीत चालते.

काही बांधव म्हणतील, सरकार देतेच की. १७ सप्टेंबर २०२३ रोजी पी.एम. विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्यात सुतार, लोहार, दर्जी, गवंडी अशा १८ धंद्यांतल्या कारागिरांना अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवली आहे. जे बसतात त्यांनी जरूर अर्ज करावा, त्यात लाज कसली? पण त्या १८ मध्ये इलेक्ट्रिशियन नाही आणि लूमचा मेकॅनिकही नाही. त्यांच्यासाठी आपणच उभे राहिले पाहिजे.

दुसरे म्हणतील, रोख द्या, तो आपले पाहून घेईल. गरीब घरात रोख आली की ती किराण्यात जाते, आणि जायलाच हवी. पण मग पोरगा महिनोन्‌महिने उसन्या अवजारावर काम करतो. दुसऱ्याची पक्कड मागणाऱ्याला दुसऱ्याच्या वेळेने चालावे लागते. स्वतःचे अवजार असेल तर सुट्टीच्या दिवशी शेजारच्या घरचा पंखाही तो दुरुस्त करतो आणि चार पैसे घरी आणतो.

दुकानदार बांधवांनाही एक अर्ज आहे. हलका माल तुम्ही ठेवता कारण आमच्यासारखे गिऱ्हाईक तो मागते, हे मला कबूल आहे. पण गिऱ्हाईक म्हणाले की पोराला कामासाठी द्यायचे आहे, तर त्याला त्या चकचकीत पेटीपासून दूर करा. आज शंभर रुपये कमी सुटतील, पण तोच पोरगा उद्या उस्ताद होऊन तुमच्याच दुकानात येईल.

भाच्याला दुसऱ्यांदा दिलेल्या पक्कडीच्या मुठीवर त्याने आपले नाव कोरून घेतले आहे. परवा कुणीतरी ती उसनी मागितली, तर म्हणाला, "काम सांगा, मी येऊन करून देतो." येत्या ईदला किंवा निकालाच्या दिवसांत कुणा होतकरू मुलाला भेट द्यायची असेल, तर एक चक्कर कापडबाजाराऐवजी लोखंडबाजारात मारा. माझा एक सूटपीस कमी विकला गेला तरी चालेल.