हौशी ड्रोनवरचा दिवा : पालघरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, पालघर
प्रत : मा. पोलीस अधीक्षक, पालघर

विषय : हौशी ड्रोनला बाहेरून बसवल्या जाणाऱ्या दिव्यांबाबत मराठीत सूचनापत्रक काढण्याविषयी

हौशी ड्रोनला नंतर बसवलेला दिवा दोन कामे करतो. आपले यंत्र आकाशात कुठे आहे आणि त्याचे तोंड कुणीकडे आहे, हे उडवणाऱ्याला त्यावरून कळते. इतरांना, म्हणजे खालच्या माणसांना आणि वरून जाणाऱ्या हेलिकॉप्टरला, तिथे काहीतरी उडते आहे हे दिसते. लहान ड्रोनवर कंपनीने बसवलेले बारीक एलईडी पहिल्या कामापुरतेच असतात आणि थोड्या अंतरावर गेले की तेही मिणमिणते होतात. म्हणून वेगळा चमकता दिवा, म्हणजे स्ट्रोब, विकत आणून चिकटवण्याची पद्धत जगभर आहे. पालघर, बोईसर, चिंचणी, डहाणू या पट्ट्यात लग्नाचे शूटिंग करणारे, रात्रीचे क्रिकेट सामने टिपणारे, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा वरून पाहण्याची हौस असलेले तरुण, अशा सगळ्यांना तो उपयोगी वाटतो. त्यांच्या दृष्टीने ती किरकोळ जोडवस्तू असते. या जिल्ह्यात मात्र तिच्याशी कायदा, अणुऊर्जा केंद्र, मासेमारीचा समुद्र आणि गावोगावची रात्रीची भीती, एवढे सगळे येऊन जुळते.

पहिला प्रश्न वजनाचा. 25 ऑगस्ट 2021 रोजी अधिसूचित झालेल्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंतचा मायक्रो. हे वजन नुसत्या यंत्राचे नसते. उडताना अंगावर जे जे असेल त्यासकट ते मोजायचे असते. बाजारातले लोकप्रिय लहान ड्रोन मुद्दाम 249 ग्रॅमचे बनवलेले असतात. त्यावर 10 ग्रॅमचा स्ट्रोब आणि 2 ग्रॅमची चिकटपट्टी लावली की काटा 261 वर जातो आणि यंत्र न बदलता वर्ग बदलतो. निव्वळ हौसेसाठी, नजरेच्या टप्प्यात उडवणाऱ्याला याचा फटका फारसा बसत नाही, कारण बिगरव्यावसायिक मायक्रोलाही वैमानिक प्रमाणपत्र लागत नाही. पण पैसे घेऊन लग्न टिपणाऱ्याचे गणित वेगळे आहे. नॅनोला कोणत्याही कामासाठी असलेली प्रमाणपत्राची सूट त्या 12 ग्रॅमनी संपते. शिवाय नॅनोला आणि हौशी मॉडेलला न लागणारे यंत्राचे प्रकार-प्रमाणपत्रही दाखवावे लागते. दिवा लावून जास्त काळजी घेणारा माणूस नियमांच्या बाहेर पडतो आणि न लावणारा आत राहतो. हा पेच खरा आहे. तूर्त उपाय एवढाच, की दिव्यासकट ड्रोन सोनाराच्या काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवावे आणि दिवा निवडतानाच 3-4 ग्रॅमचे हलके दिवे पाहावेत. मात्र 249 च्या ड्रोनला तेही बसत नाहीत.

वजन वाढले की उड्डाणाचा वेळ घटतो. 17 वॅट-तासांची बॅटरी असलेला ड्रोन अर्धा तास तरंगत असेल, तर त्याची भूक सुमारे 34 वॅटची. वजन 5 टक्के वाढले की तरंगण्यासाठी लागणारी शक्ती साधारण साडेसात टक्क्यांनी वाढते आणि अर्ध्या तासातली दोन मिनिटे जातात. रंग बदलणारी एलईडीची पट्टी ड्रोनच्याच बॅटरीवर जोडली तर आणखी भर पडते. अशा पट्टीतला एकेक दिवा पूर्ण पांढऱ्या उजेडात सुमारे 60 मिलिअँपिअर खातो. दहा दिव्यांना 5 व्होल्टवर 3 वॅट. वेळ 26 मिनिटांवर येतो. उडवणाऱ्याच्या डोक्यात मात्र जुनीच तीस मिनिटे असतात, आणि चिंचणीच्या किनाऱ्यावर समोरून वारा आला की तेवढ्या फरकात ड्रोन परतायचा राहतो.

म्हणून हौशी माणसासाठी स्वतःची छोटी बॅटरी असलेला, यूएसबीवर चार्ज होणारा सुटा स्ट्रोबच योग्य. त्याला ड्रोनच्या वायरिंगला हात लावावा लागत नाही. स्वतः ड्रोन जुळवणाऱ्या मुलांना मुख्य बॅटरीवरून वीज घ्यायची असेल, तर तीन सेलची पूर्ण चार्ज झालेली बॅटरी 12.6 व्होल्ट देते आणि पट्टीला 5 लागतात, हे विसरून चालत नाही. मध्ये व्होल्टेज उतरवणारे छोटे सर्किट लागते. तेच सर्किट निकृष्ट असेल तर रेडिओचा गोंगाट करते आणि जीपीएसचा मुळात क्षीण असलेला संकेत त्यात बुडतो. ते जीपीएसच्या अँटेनापासून शक्य तेवढे दूर बसवावे आणि येणारी-जाणारी तार एकमेकींना पीळ देऊन न्यावी. लोहचुंबकाने चिकटणारे दिवे ड्रोनवर नकोतच. होकायंत्र बिघडले की ड्रोन एका जागी थांबण्याऐवजी गोल गोल फिरत लांब सरकतो.

जागाही विचार करून निवडावी लागते. पात्यांच्या फेऱ्यात काही येऊ नये, हवा जाण्याच्या फटी झाकू नयेत, पोटाखालचे अंतर मोजणारे सेन्सर मोकळे राहावेत आणि कॅमेऱ्याच्या काचेवर झगमग पडू नये. पाठीवर एकच दिवा बसवला तर तो वरच्यांना दिसतो, खाली उभ्या माणसाला नाही. पोटाखाली बसवला तर उलट. एकच लावायचा असेल तर पाठीच्या मागच्या कडेला, बाजूंनीही दिसेल असा, मध्यरेषेवर लावावा, म्हणजे तोल जात नाही. बोईसर-तारापूरच्या खाऱ्या हवेत दिव्याचे धातूचे टोक लवकर हिरवे पडते आणि चिकटपट्टीचा चिकटपणा दमट हवेत उतरतो. त्यामुळे पट्टीच्या जोडीला बारीक नायलॉनचा टाय हवा, आणि प्रत्येक उड्डाणाआधी दिवा बोटाने ओढून पाहायला हवा. दिवा बसवल्यावरचे पहिले उड्डाण दिवसा, मोकळ्या मैदानात, डोक्याएवढ्या उंचीवर मिनिटभर तरंगत ठेवून करावे. तेवढ्यात यंत्र सरकत असेल तर जोडणीत खोट आहे.

रंगांचा मुद्दा या किनाऱ्याला नवा नाही. विमानाच्या डाव्या पंखावर लाल, उजव्यावर हिरवा आणि शेपटीला पांढरा दिवा, ही रीत जहाजांकडून आली. 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी नियमांत बोटीचे लाल आणि हिरवे दिवे प्रत्येकी 112.5 अंशांत आणि मागचा पांढरा 135 अंशांत दिसावा असे ठरलेले आहे. तिन्ही मिळून पूर्ण वर्तुळ होते. सातपाटीचा तांडेल अंधारात दोन्ही रंग एकदम दिसले की समोरची बोट आपल्यावर येते आहे हे ओळखतो. लाल एकटा दिसला तर तिची डावी बाजू आपल्याकडे आहे. ड्रोन उडवणाऱ्याने हेच वाचन शिकायचे असते: लाल आपल्या उजव्या हाताला दिसला तर ड्रोनचे तोंड आपल्याकडे आहे, आणि डावीकडे वळवायची कळ त्याला आपल्या उजवीकडे नेईल. पण याच कारणाने खाडीच्या तोंडाशी आणि समुद्रावर रात्री असे दिवे उडवणे धोक्याचे आहे. पाण्याच्या पातळीजवळ लाल-हिरवे दिसले तर बोट समजली जाते, बोयेही याच रंगांत लुकलुकतात, आणि आकाशातला लाल उजेड दर्यावर संकटाची खूण असतो. डहाणूला तटरक्षक दलाचे ठाणे आहे आणि दमणहून त्याची विमाने हा किनारा धुंडाळतात. 2008 च्या मुंबई हल्ल्याचे दहशतवादी समुद्रमार्गे आले तेव्हापासून इथल्या प्रत्येक संशयास्पद उजेडामागे कुणाला तरी धावावे लागते. समुद्रावर रात्रीचे हौशी उड्डाण नकोच. पोलिसांसारखे लाल-निळे लुकलुकणारे दिवेही जमिनीवर वा हवेत हौसेसाठी वापरू नयेत.

दिवा लावला म्हणजे रात्री उडवायला मोकळीक मिळाली, हा समज सर्रास आहे आणि तो मोडायला हवा. 1 डिसेंबर 2018 पासून लागू झालेल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमावलीत उड्डाण सामान्यतः फक्त दिवसा होते, आणि तरीही नॅनो वगळता बाकीच्या ड्रोनवर चमकता दिवा सक्तीचा होता. म्हणजे तो दिवा दिवसाच्या उजेडात टक्कर टाळण्यासाठी होता. 2021 च्या नियमांनी आकाशाचे हिरवे, पिवळे आणि लाल असे विभाग केले. हिरव्यात जमिनीपासून 400 फुटांपर्यंत परवानगीची गरज नाही, लालमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडताच येत नाही. पण हौशी माणसाने कोणता, किती तेजाचा दिवा कुठे लावावा, हे त्यांतून उलगडत नाही. अमेरिकेत 2021 पासून रात्री उडणाऱ्या लहान व्यावसायिक ड्रोनला 3 मैलांवरून, म्हणजे जवळजवळ 5 किलोमीटरवरून दिसणारा चमकता दिवा लागतो. युरोपात 1 जुलै 2022 पासून रात्रीच्या ड्रोनवर हिरवा चमकता दिवा हवा, आणि त्याचे कारण साधे आहे: खालच्या माणसाला हे विमान नसून ड्रोन आहे हे चटकन ओळखता यावे.

तारापूरजवळ मात्र दिव्याचा कुठलाच रंग कामाचा नाही. देशातले पहिले अणुवीज केंद्र 1969 पासून इथे चालू आहे. 2018 च्या नियमावलीत गृह मंत्रालयाने अधिसूचित केलेल्या मोक्याच्या ठिकाणांच्या कुंपणापासून 2 किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय मनाई होती. आता केंद्र सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरचा नकाशा पाहूनच कुठे उडवायचे ते ठरवायचे असते. घिवली, उच्छेळी, दांडी, नवापूर, कुरगाव इथल्या मुलाला आपल्या गावाची वेस त्या नकाशात नेमकी कुठे पडते हे शोधून काढणे सोपे नाही. दिव्याचा ड्रोन उलट केंद्राच्या पहारेकऱ्याला आधी दिसेल आणि मुलाला जबर दंडाला, कदाचित त्याहून गंभीर चौकशीला तोंड द्यावे लागेल. औद्योगिक वसाहतीतही तसेच. द्रावकांच्या पिंपांवर लिथियमची बॅटरी फुटून पडली तर काय होईल हे बोईसरकरांना समजावून सांगावे लागत नाही.

आणि भीती. 2024 च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्यात शिरूर, जुन्नर, आंबेगावकडच्या गावांवर रात्री ड्रोन दिसू लागले. चोर टेहळणी करताहेत अशी बोलवा झाली आणि लोक जागून गस्त घालू लागले. पालघरने अशा बोलवेची किंमत त्याआधीच मोजली आहे. 16 एप्रिल 2020 च्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे चोर आल्याच्या अफवेने जमलेल्या जमावाने दोन साधूंचा आणि त्यांच्या चालकाचा जीव घेतला. ज्या पाड्यांवर अंधारात अनोळखी मोटारीचा उजेड संशयाचा ठरू शकतो, तिथे आकाशात लुकलुकणारा दिवा कुणाचा, हे सांगणारे कुणीतरी असलेच पाहिजे. बिनदिव्याचा ड्रोन हा त्यावर उपाय नाही. त्याचा आवाज येतोच, आणि न दिसणाऱ्या आवाजाची भीती जास्त पसरते.

ड्रोन या जिल्हा प्रशासनाला परका नाही. डिसेंबर 2021 मध्ये जव्हारहून झाप या दुर्गम गावी 300 करोना लशी ड्रोननेच पोचवल्या गेल्या. त्याच प्रशासनाकडून एका पानाचे मराठी सूचनापत्रक अपेक्षित आहे. त्यात मनाईचे क्षेत्र गावांच्या आणि पाड्यांच्या नावांनी लिहिलेले असावे. दिव्यासकट वजन मोजण्याची आणि 250 ग्रॅमच्या मर्यादेची माहिती असावी. अंधार पडल्यावर गावावर कार्यक्रमासाठी ड्रोन न्यायचा असेल तर हिरवा चमकता दिवा लावावा आणि आदल्या दिवशी पोलीस पाटलाला व ठाण्याला वेळ, जागा आणि उडवणाऱ्याचे नाव कळवावे, असा सल्ला त्यात असावा; म्हणजे गावकऱ्यांनी विचारले तर पोलीस पाटलाकडे उत्तर तयार राहील. पोलीस अधीक्षक नियमांनुसार 96 तासांपर्यंत तात्पुरते लाल क्षेत्र जाहीर करू शकतात. यात्रा, विसर्जन किंवा मोठ्या सभेच्या वेळी असे आदेश निघाले तर ते डिजिटल स्कायबरोबरच ग्रामपंचायतीच्या फळ्यावरही लागावेत. आणि 12 ग्रॅमच्या दिव्यामुळे वर्ग बदलण्याचा पेच जिल्हा पातळीवर सुटणारा नसल्यामुळे, सुरक्षेसाठी लावलेल्या दिव्याचे वजन नॅनोच्या मर्यादेतून वगळण्याची शिफारस जिल्हाधिकारी कार्यालयाने नागरी विमान वाहतूक मंत्रालयाकडे पाठवावी.