जुने पुसण्याआधी नवे पारखून घ्या

मशिदीच्या भिंतीवरचे नमाजच्या वेळा दाखवणारे डिजिटल घड्याळ, कारखान्यातील कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरी मशीन, दुकानातला इन्व्हर्टर, मोबाइलवरून चालणारा पंपाचा स्टार्टर. या वस्तू वरून कितीही वेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या पोटात एकच गोष्ट असते. एक छोटे बोर्ड, त्यावर एक चिप आणि त्या चिपमध्ये भरलेला प्रोग्राम. या प्रोग्रामला फर्मवेअर म्हणतात. अशी बोर्डे तयार करणारे, जोडणारे आणि दुरुस्त करणारे कारागीर आपल्या समाजात आहेत, त्यांचा माल विकणारे व्यापारीही आहेत. त्यांच्या हाताच्या कसबाबद्दल आम्हाला शंका नाही. आम्हाला बोलायचे आहे ते एका निर्णयाबद्दल, जो पुष्कळ ठिकाणी निर्णय म्हणून घेतलाच जात नाही.

हा निर्णय म्हणजे बूटलोडरची निवड.

बूटलोडर म्हणजे वीज येताच चिपमध्ये सर्वांत आधी चालणारा छोटा प्रोग्राम. दुकानाचे शटर उघडणारा जुना विश्वासू नोकर जसा, तसे त्याचे काम. तो आधी येतो, आत सर्व ठीक आहे का ते पाहतो आणि मगच मुख्य प्रोग्रामच्या हाती कारभार सोपवतो. नवे फर्मवेअर आले तर ते आत घ्यायचे की दारातूनच परत पाठवायचे, हेही त्याच्याच हाती असते. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही, म्हणून त्याचा कोणी विचार करत नाही. पण माल विकल्यानंतर त्या मालाचे भवितव्य त्याच्याच हाती असते.

बिघाड कोठे होतो?

फर्मवेअर बदलण्याची वेळ कधी ना कधी येतेच. घड्याळात तारखेच्या हिशेबाची चूक निघते, वायफायच्या प्रोग्राममध्ये चोरवाट सापडते, गिऱ्हाईक नवी सोय मागते. अशा वेळी पुष्कळ बोर्डांत नवा प्रोग्राम जुन्याच्याच जागेवर लिहिला जातो. आता, फ्लॅश मेमरीचा स्वभाव असा की तिच्यावर नवे लिहायचे तर आधीचा भाग पुसावा लागतो. म्हणजे लिहिणे सुरू झाले की जुना प्रोग्राम गेला आणि नवा अजून पूर्ण आलेला नाही, अशी काही सेकंदांची अवस्था येते. नेमक्या त्या क्षणी वीज गेली, नेट तुटले किंवा कोणी प्लग काढला, तर चिपमध्ये ना जुना प्रोग्राम उरतो ना नवा. वस्तू जागच्या जागी बंद पडते.

आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा कोण देणार? त्यात घड्याळ लागलेले असते वीस फूट उंच भिंतीवर, आणि मशीद असते दोनशे किलोमीटर दूरच्या गावात. रमजानच्या पहिल्या आठवड्यात घड्याळ काळे पडले की मुतवल्लींचा फोन येतो, कारागीर लॅपटॉप घेऊन एस.टी.ने निघतो आणि त्या एका नगावरचा सारा नफा भाड्यात जातो. पैशाचे नुकसान एक वेळ भरून निघते. पण त्या जमातीत नाव खराब होते ते सहसा भरून निघत नाही.

दोन खोल्यांचा उपाय

यावरचा उपाय साधा आहे आणि जगभर वापरला जातो. मेमरीमध्ये एकाऐवजी दोन खोल्या ठेवायच्या. चालू प्रोग्राम पहिल्या खोलीत तसाच राहील, नवा दुसऱ्या खोलीत उतरेल. तो पूर्ण उतरल्यावर बूटलोडर त्याची तपासणी करील. सर्व अक्षरे जागच्या जागी आहेत का, पाठवणाऱ्याची डिजिटल सही खरी आहे का, हे पाहील. मग नव्याला फक्त चाचणीसाठी चालवील. नव्या प्रोग्रामने चालू होऊन, वेळ वाचून, नेटला जोडून ‘मी ठीक आहे’ अशी नोंद स्वतः केली तरच तो कायम होईल. तो मध्येच अडकला, तर वॉचडॉग नावाचे चिपमधले राखणदार घड्याळ बोर्ड पुन्हा सुरू करील आणि बूटलोडर जुन्या प्रोग्रामकडे परत जाईल. गिऱ्हाइकाला कळणारही नाही की मध्ये काही घडले.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगायचे तर, नवा प्रोग्राम सिद्ध होईपर्यंत जुना न पुसणारा बूटलोडरच निवडावा, आणि तो पहिला नग विकण्याआधी निवडावा. ‘आधी’ या शब्दावर आमचा विशेष भर आहे. मुख्य प्रोग्राम दुरून बदलता येतो, पण बूटलोडर सहसा दुरून बदलत नाहीत, कारण तो बदलताना वीज गेली तर सावरायला मागे कोणीच नसते. जो बूटलोडर कारखान्यातून गेला, त्याच्यासोबतच त्या नगाला आयुष्य काढायचे असते.

कोणता निवडावा?

नव्या कारागिरांचा हात बहुधा अर्डुइनो उनोवर बसलेला असतो. त्यातला ऑप्टीबूट नावाचा बूटलोडर अवघा ५१२ बाइटचा आहे आणि टेबलावर काम करायला उत्तम आहे. पण तो नवा प्रोग्राम थेट जुन्यावरच लिहितो. काम अर्धवट राहिले तर बूटलोडर स्वतः शाबूत राहतो हे खरे, परंतु वस्तू मात्र कोणी वायर घेऊन येईपर्यंत मुकी होऊन बसते. शिकण्यासाठी हे ठीक, दूरगावी पाठवायच्या मालासाठी नाही.

वायफाय असलेल्या वस्तूंत ईएसपी३२ ही चिप लोकप्रिय आहे. तिला बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीने दोन खोल्यांची सोय स्वतःच दिली आहे. ४ एमबीच्या मेमरीत कारखान्याचा मूळ प्रोग्राम आणि अपडेटच्या दोन खोल्या, प्रत्येकी १ एमबी, अशी मांडणी तयार मिळते. कोणती खोली चालू आहे याची नोंदही दोन ठिकाणी ठेवली जाते, म्हणजे एक नोंद खराब झाली तरी दुसरी उपयोगी पडते. मात्र कंपनीच्या मूळ विकास-संचात नवा प्रोग्राम नापास झाल्यास मागे फिरण्याची सोय आपण होऊन चालू करावी लागते. ती बूटलोडरमध्येच चालू करायची असते. म्हणजे एक खूण करायची राहिली आणि माल बाहेर गेला, तर दोन खोल्या असूनही परतीचा दरवाजा बंदच.

इतर लहान चिपांसाठी एमसीयूबूट हा मोफत आणि खुला बूटलोडर आहे. तो दोन्ही खोल्यांतील प्रोग्रामची अदलाबदल करतो आणि प्रत्येक पायरीची नोंद मेमरीत ठेवतो. मध्येच वीज गेली तर परत आल्यावर राहिलेले काम तेथूनच पुढे नेतो. नव्या प्रोग्रामने पसंतीची नोंद केली नाही तर पुढच्या वेळी जुना परत आणतो. त्यातही एक खबरदारी हवी. त्याच्यात ‘थेट वर लिहा’ असाही एक प्रकार आहे. त्याने जागा आणि वेळ वाचतो, पण जुना प्रोग्राम परत मिळत नाही. नाव एमसीयूबूट आहे एवढ्यावर समाधान मानू नये, तो कोणत्या प्रकाराने लावला आहे ते पाहावे.

मोठ्या, लिनक्सवर चालणाऱ्या बोर्डांत यू-बूट सर्वत्र दिसतो. वोल्फगांग डेंक या जर्मन अभियंत्याने वाढवलेल्या या प्रकल्पाला हे नाव २००२ साली मिळाले. बोर्ड किती वेळा सुरू होण्याचा प्रयत्न झाला हे मोजून, ठरावीक मर्यादेनंतर दुसऱ्या मार्गाने सुरू करण्याची सोय त्यात आहे. त्याच्या जोडीला रॉक किंवा एसडब्ल्यूअपडेट यांसारखी तयार साधने लावली तर दोन खोल्यांची पद्धत नीट बसते. एक गोष्ट ध्यानात असावी. यू-बूट मोफत असला तरी त्याचा परवाना बिनशर्त नाही. माल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाला त्याचा मूळ कोड, आपण केलेल्या बदलांसह, उपलब्ध करून द्यावा अशी शर्त आहे. दुसऱ्याची मेहनत वापरायची आणि त्याची शर्त मोडायची, हा व्यवहार आपल्याला शोभत नाही.

स्वतःचा बूटलोडर स्वतः लिहिण्याचा मोह हुशार कारागिरांना होतो. आमचा सल्ला नकाराचा आहे. अर्ध्यात वीज जाण्याच्या शेकडो परिस्थितींतून जो प्रोग्राम वर्षानुवर्षे तावून सुलाखून निघाला आहे, तो मोफत मिळत असताना आपल्या गिऱ्हाइकाच्या खर्चाने नवा प्रयोग कशाला?

चुकीचे औषध आणि हरवलेली चावी

केवळ वीज सांभाळून भागत नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील लॉकस्टेट या कंपनीने आपल्या वायफाय कुलुपांना दुरून अपडेट पाठवले. ते होते एका मॉडेलचे आणि गेले दुसऱ्याच मॉडेलकडे. सुमारे ५०० कुलुपांचे आकडे दाबून उघडण्याचे काम बंद पडले, आणि दुरून दुरुस्त करण्याचा मार्गही त्याच अपडेटने बंद केला. कुलुपाचा मागचा भाग काढून पाठवा किंवा बदली कुलूप घ्या, एवढेच कंपनीला ग्राहकांना सांगता आले. म्हणून प्रत्येक फर्मवेअरवर ‘हे कोणत्या बोर्डासाठी’ याचा शिक्का असावा, आणि तो जुळल्याशिवाय ते आत घेतलेच जाऊ नये.

दुसरी गोष्ट डिजिटल सहीची. ज्या गुप्त चावीने आपण फर्मवेअरवर सही करतो ती अमानत आहे. ती चोराच्या हाती पडली तर तो आपल्या नावाने आपल्या गिऱ्हाइकाच्या घरात शिरू शकतो. ती हरवली तर आपणच आपल्या मालाला परके होतो, कारण नवे फर्मवेअर कोणताही नग स्वीकारणार नाही. एमसीयूबूटसोबत नमुन्याच्या चाव्या मिळतात. त्या साऱ्या जगाला ठाऊक आहेत. तीच चावी ठेवून माल विकणे म्हणजे बाजारात टांगलेल्या किल्लीचे कुलूप दुकानाला लावणे होय. स्वतःची चावी तयार करावी, तिच्या दोन प्रती दोन जागी बंदोबस्तात ठेवाव्यात आणि नोकरी सोडून जाणाऱ्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये ती राहू देऊ नये.

खर्चाचा प्रश्न

यावर कारखानदार म्हणतील, ‘दुप्पट मेमरीची चिप महाग पडते. बाजारात एकेका रुपयावर भाव तुटतो.’ ही अडचण खोटी नाही. मोठ्या कंपन्यांशी स्पर्धा करणाऱ्या लहान कारखान्याला नगामागे वाढलेला थोडा खर्चही जाणवतो. परंतु हिशेब पूर्ण करावा. चिपमधला फरक नगामागे एकदाच द्यावा लागतो. बंद पडलेल्या नगासाठी मात्र जाणे-येणे, दिवसाची मजुरी, बदली बोर्ड आणि अडकलेली उधारी हे सर्व द्यावे लागते, आणि अपडेट सर्व नगांना एकदम जात असल्याने हे संकट एकट्या नगावर येत नाही. तरीही दुसरी खोली परवडतच नसेल, तर निदान दुरून अपडेट करण्याचा दावा करू नये. ‘याचे अपडेट आमचा माणूस येऊनच करील’ असे गिऱ्हाइकाला आधी स्पष्ट सांगावे. मालातील उणीव सांगून विकणे हा आपल्या व्यापाराचा जुना आणि पवित्र नियम आहे. चिपच्या जमान्यातही तो तसाच लागू आहे.

निर्यात करणाऱ्यांना तर दुसरा रस्ताच नाही. युरोपियन युनियनचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ रोजी अंमलात आला असून त्याच्या मुख्य अटींसाठी ११ डिसेंबर २०२७ ही तारीख ठरली आहे. त्यानुसार असा माल तेथे विकणाऱ्याने साधारणतः किमान ५ वर्षे सुरक्षिततेचे अपडेट पुरवायचे आहेत. ज्या मालाला सुखरूप अपडेटच घेता येत नाही, तो या अटी कशा पुऱ्या करणार?

कसोटी प्लगची

निवड बरोबर झाली की नाही हे कागदावरून कळत नाही. आम्ही एकच कसोटी सुचवतो. अपडेट चालू करा आणि प्लग ओढा. सुरुवातीला ओढा, मध्यात ओढा, अगदी शेवटच्या क्षणी ओढा. एक रिले लावून हे काम रात्रभर आपोआप शंभरदा करवता येते. मग मुद्दाम बिघडवलेले फर्मवेअर द्या, दुसऱ्या मॉडेलचे द्या, चुकीच्या सहीचे द्या. दर वेळी बोर्ड आपण होऊन उभे राहिले तरच तो माल बाहेर पाठवण्याच्या लायकीचा. आणि बाहेरही पहिले अपडेट सर्वांना एकदम देऊ नये. आधी जवळच्या पाच-दहा नगांना द्यावे, आठवडाभर पाहावे, मग बाकीच्यांना.

व्यापारी बांधवांनीही माल घेताना तीन प्रश्न विचारावेत. अपडेट होताना वीज गेली तर काय होते? नवा प्रोग्राम बिघडला तर जुना परत येतो का? सहीची चावी कोणाच्या ताब्यात आहे? ज्याला या तिन्हींचे सरळ उत्तर देता येत नाही त्याचा माल स्वस्त असला तरी महाग समजावा. गिऱ्हाईक हे प्रश्न विचारू लागले की कारागिराला चांगली चिप लावण्याचे बळ मिळेल, कारण मग तिचे दामही मिळतील.

आपल्या कारागिरांनी आजवर नाव कमावले ते माल हातातून गेल्यानंतरही त्याची जबाबदारी घेण्याने. बोर्डांच्या धंद्यात ती जबाबदारी बूटलोडरच्या काही किलोबाइटमध्ये बसलेली आहे. नव्या नगाचा आराखडा काढताना पहिल्याच दिवशी तिला जागा द्यावी, एवढीच आमची कळकळीची विनंती.