फुटलेल्या धूमकेतूची साक्ष

‘शतकातील धूमकेतू’ म्हणून ज्याची द्वाही जगभर फिरवण्यात आली होती, तो आयसॉन २८ नोव्हेंबर २०१३ रोजी सूर्याला वळसा घालताना फुटला. सप्टेंबर २०१२ मध्ये रशियातील किस्लोवोद्स्कजवळच्या अवघ्या ४० सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून तो प्रथम हेरला गेला होता. सूर्यपृष्ठापासून अकरा-बारा लाख किलोमीटरवरून जाताना बर्फ व धूळ यांचा तो ठिसूळ गोळा विस्कटला. सोहो यानाच्या छायाचित्रांत सूर्याच्या पलीकडून बाहेर आला तो धुळीचा फिकट पिसारा, आणि तोही लवकरच विरला.

भाकीत फसले. खगोलशास्त्रज्ञांनी ते झाकले नाही. अंदाज कोठे चुकला, याचीच पुढे जाहीर चर्चा केली. शेंडेनक्षत्र उगवले की राजा मरतो, दुष्काळ पडतो, हे भाकीत मात्र कोणाही ज्योतिषाने कधी मागे घेतल्याचे ऐकिवात नाही. बीएलाचा धूमकेतू १८४६ साली दुर्बिणीतून पाहता पाहता दुभंगला, १८५२ साली जोडीने परतला आणि पुन्हा दिसलाच नाही. १८७२ च्या नोव्हेंबरात त्याच्या मार्गातून पृथ्वी गेली, तेव्हा उल्कांचा वर्षाव झाला. पुढे १८७६-७८ चा दख्खनचा भीषण दुष्काळ पडला. त्याचे खापर कोणी आकाशावर फोडले असेल, तर लोक भुकेने मरत असता धान्य परदेशी जाऊ देणाऱ्या सरकारची त्याने मोठीच सोय केली!

आयसॉन सूर्याकडे झेपावत असतानाच, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. त्याच डिसेंबरात विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा संमत केला. कायदा हवाच होता. परंतु आकाशाची भीती कलमांनी जात नाही, ती डोळ्यांनी पाहिल्यावर जाते.

आणि पाहायचे कोठून? आंबेगाव तालुक्यात गिरवली येथे आयुकाची २ मीटरची दुर्बीण २००६ पासून आहे, ही अभिमानाचीच गोष्ट. पण ती संशोधकांची. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरील जळकोटच्या मुलीला तेथपर्यंत कोण नेणार? वास्तविक शहराच्या झगमगाटापासून दूर असलेल्या तुळजापूर तालुक्यातील अशा गावांच्या वाट्याला जे काळेभोर आकाश येते, ते पुण्या-मुंबईच्या नशिबी नाही. सहा इंची आरशाच्या दुर्बिणीतून धूमकेतूचे तुकडे सहसा दिसणार नाहीत, हे आधीच सांगितलेले बरे. तरी जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे वीसेक तुकडे गुरूवर आदळले, तेव्हा उमटलेले काळे डाग लहान दुर्बिणींतूनही स्पष्ट दिसले होते.

प्रत्येक तालुक्यात अशी एक दुर्बीण आपल्या शाखांनी उभी करावी. आरसा हाताने घासता येतो. त्याला काचेच्या दोन जाड चकत्या, कार्बोरंडमची पूड आणि काही आठवड्यांची चिकाटी लागते. वर्गणी मागत दारोदार हिंडणे तर आपल्याला नवीन नाही.