एक बेट, दोन रकाने

कॅरिबियन समुद्रातील हिस्पॅनिओला बेटाच्या पश्चिमेला हैती आहे आणि पूर्वेला डॉमिनिकन प्रजासत्ताक. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसे या बेटावर सोळाव्या शतकाच्या सुरुवातीलाच उतरवली गेली आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना आज त्यांचे वंशज मोठ्या संख्येने राहतात. पश्चिमेचे मालक फ्रेंच होते, पूर्वेचे स्पॅनिश, एवढाच मूळचा फरक. अमेरिकी सरकारने मार्च २०२४मध्ये वंशनोंदणीचा नवा नमुना जाहीर केला. त्यात हैतीचे नाव उदाहरण म्हणून ‘कृष्णवर्णीय’ या रकान्याखाली आहे आणि डॉमिनिकनचे ‘हिस्पॅनिक किंवा लॅटिनो’ या रकान्याखाली. अमेरिकेत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो यांचे जमते की बिनसते, यावर प्रत्येक निवडणुकीत चर्चा झडते. माणूस या दोहोंपैकी एकच काहीतरी असतो, असे त्या चर्चेत गृहीत धरलेले असते. ते गृहीतकच चुकीचे आहे, आणि जोवर ते चालू राहील तोवर या दोन समाजांतला वाद हिश्शाचाच राहील.

इतिहासाचे आकडे पाहिले तर हे गृहीतक टिकत नाही. अटलांटिक ओलांडून जिवंत उतरलेल्या सुमारे एक कोटी सात लाख गुलामांपैकी आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरले ते चार लाखांहून कमी, म्हणजे शंभरात चारही नाहीत. एकट्या ब्राझीलमध्ये त्यांच्या दहापटीहून अधिक उतरले. क्यूबा, कोलंबिया, पनामा, पोर्तो रिको, मेक्सिकोचा व्हेराक्रूझ किनारा हे सगळे या इतिहासाचे भाग आहेत. तेथून स्थलांतर करून आलेल्यांत कृष्णवर्णीय नसते तरच नवल. प्यू संशोधन संस्थेच्या २०२२च्या अहवालानुसार अमेरिकेत सुमारे ६० लाख प्रौढ स्वतःला आफ्रो-लॅटिनो म्हणवतात. प्रौढ लॅटिनोंमध्ये त्यांचे प्रमाण १२ टक्के आहे. त्याच अहवालात एक बोलकी गोष्ट आहे. यांच्यापैकी दर सातांतला एक जण ‘तुम्ही हिस्पॅनिक आहात का’ या थेट प्रश्नाला नाही म्हणतो.

या गोंधळाची किंमत कोण मोजते, ते कॅलिफोर्नियातील वेस्टमिन्स्टरच्या एका जुन्या खटल्यातून दिसते. १९४०च्या दशकात सोलेदाद विदाउरी ही बाई आपल्या मुलांबरोबर भावाच्या मुलांनाही शाळेत घालायला घेऊन गेली. तिची मुले उजळ रंगाची, आडनावही फ्रेंच वाटावे असे. त्यांना प्रवेश मिळाला. भावाची, म्हणजे मेंडेझांची मुले सावळी, त्यांना मेक्सिकन मुलांसाठीच्या वेगळ्या शाळेत जायला सांगितले. मुलांची आई फेलिसितास मेंडेझ पोर्तो रिकोत जन्मलेली, आफ्रिकी वंशाची. आतेभावंडांत भेद केला तो रंगाने. तरीही खटला उभा राहिला तेव्हा इथे वंशाचा प्रश्नच नाही, असे दोन्ही पक्षांनी मान्य केले, कारण कायद्याच्या लेखी मेक्सिकन लोक गोरे होते. १९४७मध्ये अपील न्यायालयाने मेंडेझांच्या बाजूने निकाल दिला. त्यांच्या पाठीशी थर्गुड मार्शल आणि त्यांची कृष्णवर्णीयांची संघटना लेखी निवेदन घेऊन उभी होती. सात वर्षांनी ब्राउन खटल्यात देशभरातील शाळांतला वंशभेद अवैध ठरवून घेणारे वकील तेच मार्शल. म्हणजे एकजुटीचा पाया जुना आहे; ज्या कारणाने मुलांना नाकारले, ते कारण मात्र कागदावर आलेच नाही.

नवा नमुना हीच चूक वेगळ्या वाटेने करतो. २०२०च्या जनगणनेत दोन प्रश्न होते: आधी हिस्पॅनिक मूळ, मग वंश. हिस्पॅनिक मूळ म्हणजे वंश नव्हे, अशी सूचनाही अर्जावर छापली होती. नव्या नमुन्यात दोन्हींचा एकच प्रश्न आहे आणि ‘लॅटिनो’ हा सात रकान्यांपैकी एक आहे. समर्थक म्हणतात, एकाहून अधिक रकान्यांत खूण करायला मुभा आहे, मग अडचण काय? शिवाय जुन्या पद्धतीत ४२ टक्के हिस्पॅनिकांनी ‘अन्य वंश’ एवढेच नोंदवले होते. हा मुद्दा खरा आहे. जुना अर्ज निर्दोष नव्हता. पण मुभा असणे वेगळे आणि विचारले जाणे वेगळे. पोर्तो रिकोत २०१०मध्ये ७५.८ टक्के लोक फक्त ‘गोरे’ नोंदले गेले आणि २०२०मध्ये १७.१ टक्के. दहा वर्षांत बेटावरची माणसे बदलली नव्हती. प्रश्नाची मांडणी आणि उत्तरे मोजण्याची रीत बदलली होती. अर्जाला इतकी ताकद असेल, तर ‘लॅटिनो’वर खूण करून पुढे जाणाऱ्याचा रंग आपोआप नोंदला जाईल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. समाजशास्त्रज्ञ नॅन्सी लोपेझ ‘रस्त्यावरचा वंश’ मोजा म्हणतात, ते यासाठीच: अनोळखी माणूस तुम्हाला पाहून काय समजतो? घरमालक आणि पोलिस तेवढेच पाहतात.

दुसरा आक्षेप लॅटिनोंच्या घरातूनच येतो. आम्ही सगळे मिश्र रक्ताचे, वंशाचे हे खूळ उत्तरेकडच्या गोऱ्यांचे, असे म्हटले जाते. गुलामगिरी रद्द करणारे मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष व्हिसेंते गेरेरो स्वतः आफ्रिकी वंशाचे होते, तरी त्या देशाने आफ्रिकी वंशाच्या नागरिकांची स्वतंत्र मोजणी आधुनिक काळात प्रथम केली ती २०१५मध्ये. तेव्हा ते सुमारे १४ लाख निघाले, २०२०च्या जनगणनेत २५ लाखांहून अधिक. मिश्रणाच्या गोडव्याखाली इतकी माणसे झाकली गेली होती. लॉस एंजेलिसमध्ये २०२२मध्ये फुटलेल्या ध्वनिफितीत लॅटिनो नगरसेवक प्रभागांच्या सीमांची चर्चा करत होते. त्यात नगर परिषदेच्या अध्यक्षा एका सहकाऱ्याच्या कृष्णवर्णीय मुलाबद्दल आणि मेक्सिकोतील ओआहाकाच्या आदिवासींबद्दल हीन बोलल्या आणि त्यांना पद सोडावे लागले. मिश्र रक्ताने रंगाची उतरंड पुसली असती, तर ते शब्द तोंडी आलेच नसते.

वंशाच्या वेगळ्या मोजणीने लॅटिनोंची ताकद विभागली जाईल, हा तिसरा आक्षेप. जातनिहाय गणनेने जातीयवाद वाढेल, हा आपल्याकडचा युक्तिवाद याच वळणाचा आहे. न मोजल्याने भेद जात नाही, तो मोजणाऱ्याच्या सोयीचा होतो. आफ्रो-लॅटिनो दोन्ही बाजूंना मोजले गेले तर कोणाचीही बेरीज कमी होत नाही. उलट घरे, शाळा, पोलिस यांबाबत दोघांचे दुखणे कुठे एक आहे ते आकड्यांत दिसते. म्हणून मूळ आणि वंश हे प्रश्न वेगळेच राहिले पाहिजेत. तेवढे जमत नसेल, तर डॉमिनिकन आणि पनामासारखी नावे निदान दोन्ही रकान्यांखाली छापावीत. ही मागणी अवाजवी नाही. न्यू जर्सीतील मराठी कुटुंबे ‘एशियन इंडियन’ या रकान्यात आज सहज खूण करतात. १९७०च्या जनगणनेत भारतीयांची गणना गोऱ्यांत झाली होती. भारतीयांच्या संघटनांनी मागणी लावून धरली, तेव्हा १९८०च्या अर्जावर तो रकाना आला.