डॉक्टर किती तास जागा आहे, हे विचारा!

विठ्ठलवाडी, कल्याण पूर्व आणि उल्हासनगरच्या नागरिकांनो,

आपल्याकडे पेशंट गंभीर झाला की सांगतात, कळव्याला न्या, नाहीतर सायनला, केईएमला. तिथे मध्यरात्री तुमच्या माणसाला तपासणारा पहिला डॉक्टर बहुधा निवासी असतो. एमडी-एमएस शिकणारा, आणि पुष्कळदा आदल्या सकाळपासून पाठ न टेकलेला. रक्त तोच काढतो, वॉर्डबॉय नसेल तर सॅम्पल घेऊन लॅबकडे तोच धावतो, ट्रॉलीही तोच ढकलतो. उजाडलं की राऊंड, मग ओपीडी. सलग 36 तासांची ड्यूटी कुणाला वावगी वाटेनाशी झाली आहे!

नियम नाही असं नाही. केंद्र सरकारने 1992 सालीच लिहून ठेवलं आहे: सलग 12 तासांवर काम नको, आठवड्याला 48 तास, एक सुटी. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने पाहणी केली, तेव्हा 31 टक्के पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आत्महत्येचे विचार मनात आल्याचं सांगितलं. त्यावर उपाय काय सुचवला? आठवड्याला 74 तासांची मर्यादा! म्हणजे 32 वर्षांत 48 चे 74 झाले.

‘आम्हीही असेच घडलो,’ असं ज्येष्ठ डॉक्टर म्हणतात. त्यांच्या कष्टांबद्दल आदर आहे. पण आपली लोकल चालवणाऱ्या मोटरमनच्या ड्यूटीला मर्यादा आहे, विश्रांती सक्तीची आहे, आणि त्याला कुणी लाड म्हणत नाही. इन्सुलिनचा डोस भरणाऱ्या हाताला ती विश्रांती का नको?

ऑगस्ट 2023 मध्ये कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात 24 तासांत 18 रुग्ण दगावले. ठाण्याचं सिव्हिल तेव्हा नव्या बांधकामासाठी हलवलेलं, कळव्यात खाटांपेक्षा रुग्ण जास्त. अशा वेळी नातेवाइकांचा राग समोरच्या तरुण डॉक्टरवर निघतो, कारण जागा न भरणारे वॉर्डात भेटत नाहीत. त्या पोरांवर हात उगारू नका. जाब वर विचारा.

आमची मागणी: प्रत्येक वॉर्डाच्या दारावर निवासी डॉक्टरांचा ड्यूटी चार्ट तासांसह लावा, रात्रपाळीनंतर सुटी द्या, वॉर्डबॉय आणि परिचारिकांच्या रिकाम्या जागा भरा. आपला पेशंट जिथे गेला होता, त्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयाकडे माहिती अधिकारात हा चार्ट मागा. अर्जावर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर नाही आलं, तर अपील करा.

— विठ्ठलवाडीतील रुग्णांचे नातेवाईक